शंभरातली तेरा

दि. ४ मार्च

धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बटणांचा कागद मिळाला. कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा पोटात दुखलं. मनात कुढत बसण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं.

तू निघालीस त्या दिवशी सासूबाईंनी तुझ्या हातात पत्र्याचा डबा ठेवला होता. तुला वाटलं आत दागिना असेल, आणि निघाली शर्टाची शंभर पांढरी बटणं. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘कमाई कितीही असो, कुठल्याही देशातली असो, तिची शंभर बटणं समजायची आणि वाट्यांत वाटायची, म्हणजे घर कुठे चाललंय ते दिसतं,’ एवढं सांगून त्या पुन्हा काजं करायला बसल्या. मला तेव्हा हसू आलं होतं. आज कळतंय की म्हातारीनं माझी जन्मभर जळायची सोय करून ठेवली. तू पैशात लिहिलं असतंस तर तुमचं चलन वेगळं, आमचं वेगळं, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण बटण तिथंही बटण आणि इथंही बटण.

तर तुझ्या पोटाच्या वाटीत बारा! दोघं जेवता की नुसता वास घेता? आमच्या वाटीत त्रेचाळीस आहेत. पीठ, तेल, दूध, भाजी यातच दुकानाची निम्मी शिलाई जाते म्हण ना. सासूबाईंचं म्हणणं तुला ठाऊक आहे, पोटाची वाटी पन्नासच्या वर गेली की घर वाकलं समजायचं. आम्ही अजून ताठ आहोत, तेवढंच समाधान.

तुझ्या घराच्या वाटीत एक्केचाळीस बघून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमची सोळा, त्यात दुकान, मागच्या खोल्या, वीज सगळं आलं. पण मग डोक्यात आलं की एक्केचाळीस बटणांचं घर म्हणजे असेल तरी केवढं, आणि पुन्हा पोटात दुखायला लागलं. जाण्यायेण्याची तुझी अठरा, म्हणजे मोटार घेतलीत वाटतं. आमची सहा. कपड्यांची तुझी चार, आमची पाच. शिंप्याची बायको असून माझ्या अंगावरची शिवण उसवलेली, ते असो. तुझी विम्याची नऊ, तर आमच्या लेकीच्या शाळेची सात. माणसांच्या वाटीत मात्र तुझी दोनच. आल्यागेल्याचं, शेजारपाजारचं, आजाऱ्याला बघायला जाण्याचं मिळून आमची नऊ होतात. तिकडे जाऊन हात आखडलास की काय?

आणि शेवटच्या वाटीवर तू लिहिलंयस, शिल्लक तेरा. धाकटे, आमच्या घरात त्या नावाची वाटीच नाही.

आता औषधाचं. तुझं एक बटण. आमची चौदा, आणि त्यातली तेरा एकट्या सासूबाईंची. डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं मलम, रक्तदाबाच्या गोळ्या. मी तक्रार करत नाही. पण आई दोघा भावांची आहे आणि बटणं एकाच डब्यातली जातात. भाऊजी पाठवतात ते तीन वर्षांपूर्वी ठरलं तेवढंच. एवढं त्यांच्या कानावर घाल, मी सांगितलं असं न सांगता.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोन दुकानात, आणि सासूबाईंचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत.

तुझी जाऊ


दि. २२ मार्च

जाऊबाई, नमस्कार.

तुमचं पत्र जिन्यातच फोडलं आणि हसत वर गेले. तुमचा राग वाचला की दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिल्यासारखं वाटतं.

तुम्ही समजता तसं काही नाही हो. दुरून डोंगर साजरे. एक्केचाळीस बटणांत आम्हाला दोन खोल्या मिळतात, आणि खिडकीतून दिसतात त्या खाली लावलेल्या लोकांच्या मोटारी. आमची मोटार त्यातली सगळ्यात जुनी. यांना पहिली बस बाहेर काढायची असते. बस चालवणाऱ्यालाच कामावर पोचवायला त्या वेळी बस नसते, म्हणून मोटार घ्यावी लागली. मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे हे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर चादरी घड्या घालायच्या. जेवण तिथंच होतं, म्हणून पोटाची बारा.

तुम्ही माझ्या शिल्लकीवर जळलात, मी तुमच्या कागदावरच्या एकाच वाटीवर जळले. माणसांची नऊ. माझ्या दोनातलं एक फोनचं आहे. दुसरं खात्यातल्या एका बाईच्या वाढदिवसाला गेलं, आणि तिनं मला घरी बोलावलं नाही.

औषधाच्या चौदांचं वाचून मात्र हसू गेलं. मला शरम वाटली. हे म्हणाले, पैसे वाढवून पाठवू. पण मला त्याहून चांगलं सुचलंय. यांच्या कामाच्या विम्यात आईचंही औषधपाणी बसतं. नऊ बटणं आम्ही भरतोच आहोत, ती दोघांपुरती काय आणि तिघांपुरती काय. आईंना आमच्याकडे पाठवा. तुमची तेरा सुटतील. इकडे त्यांचं खाणंपिणं आणि एक जास्तीची खोली माझ्या शिल्लकीतून निघेल. तेराला तेरा, कुणी मोजून ठेवल्यासारखं. इतकी वर्षं सगळं तुम्ही एकटीनं केलंत, आता तुम्हाला जरा मोकळा श्वास मिळू दे.

आईंना वेगळी चिठ्ठी लिहून याच पाकिटात घातली आहे. दादांना वाचून दाखवायला सांगा.

तुमची धाकटी


दि. १६ एप्रिल

धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इस्त्रीचे कपडे पोचवायला गेले होते. पोस्टमननं पाकीट यांच्या हातात दिलं. आणि आमचे हे! वर माझं नाव दिसत असताना पाकीट फोडलं, आत आईच्या नावाची चिठ्ठी दिसली, आणि कापायच्या टेबलाशी उभे राहून मोठ्यानं वाचायला लागले. दुकानात शाळेतले मास्तर पँटसाठी थांबले होते, शेजारची बाई चेन लावून घ्यायला आली होती. मी दारात पोचले तेव्हा हे म्हणत होते, ‘आई, तुमच्या औषधाला दर महिन्याला तेरा बटणं जातात असं जाऊबाईंनी कळवलंय.’

सासूबाई शर्टाचं काज करत होत्या. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, ‘किती?’

हे म्हणाले, ‘तेरा लिहिलंय.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि सुईत दुसरा दोरा ओवायला लागल्या. दारात मी उभी होते ते त्यांना दिसलं होतं. माझ्याकडे बघितलंही नाही. मास्तरांनी बघितलं.

तू आकडा लिहायला नको होतास. मी तुला मोकळेपणी कळवते ते काय चारचौघांत वाचायला? आणि तो आकडाही तसा अंदाजाचाच होता. पण आता बोलून उपयोग नाही, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

महिन्याची बटणं वाटायला बसलो तेव्हा सासूबाईंनी शंभर मोजून घेतली, त्यातली तेरा बाजूला काढली आणि रुमालात बांधली. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, ‘माझी आहेत ना? मी घेऊन जाते.’ हे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी म्हातारी एकटी जाऊन पासपोर्टचे फोटो काढून आली. फोटोत इतकी ताठ बसली आहे की जणू देश चालवायला निघाली आहे.

तेव्हापासून दुकानात एकच जप चालू आहे. धाकटीकडे जिना किती, धाकटीकडे थंडी किती, धाकटीचा आवाज फोनवर बारीक झालाय. मला आठवत नाही माझा आवाज बारीक झालेला कधी कुणी ऐकला असेल. तू लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून त्यांना आई म्हणायला लागलीस. मी सासूबाई म्हणत आले, आता इतक्या वर्षांनी जीभ वळणार थोडीच.

नीट विचार कर एवढंच सांगते. त्यांचे गुडघे तुमच्या जिन्यात टिकायचे नाहीत. दिवसभर तुम्ही दोघं बाहेर, त्या बोलतील कुणाशी? मी आपली तुझ्या काळजीपोटी लिहिते आहे, मला काय, माझी तेरा सुटतील.

जाऊ


दि. ५ मे

जाऊबाई, नमस्कार.

तुमचा मोठेपणा मला कळला. स्वतःचं ओझं उतरतंय तरी तुम्हाला त्यांच्या गुडघ्यांची काळजी. दुसरी असती तर पेढे वाटले असते.

जिन्याची चिंता सोडा, आम्ही घर बदललं. तळमजल्यावर तीन खोल्या घेतल्या. घराची वाटी आता एक्केचाळीसवरून एकोणपन्नास झाली. हे म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, शिल्लक काय डब्यात ठेवून चाटायची आहे? आईंच्या खोलीत पलंग आणलाय, खिडकीशी खुर्ची आणि हवा तसा वाकवता येणारा मानेचा दिवा ठेवलाय, म्हणजे काज-बटण करावंसं वाटलं तर डोळ्यांना ताण नको. आमच्या खात्यात फाटक्या चादरी दुरुस्त करायला कुणी नसतं. मुकादमीणबाईंशी बोलून ठेवलंय.

एक गोष्ट सांगते, कुणाला सांगू नका. हे पहाटे निघतात आणि जादा पाळी करून रात्री येतात, मी दिवसभर खात्यात. आठवड्यात एक दिवस आम्ही एकमेकांना उजेडात बघतो. संध्याकाळी घरी आले की मी दिवा लावते आणि सगळ्या खोल्यांत एकदा फिरून येते, कारण नसताना. आता एका खोलीत दिवा आधीच लागलेला असेल. मी रोज त्याच विचारात चादरी घड्या घालते.

त्यांना सकाळी उठल्यावर काय लागतं, काय चालत नाही, रागावल्या तर काय करायचं, सगळं सविस्तर लिहून कळवा. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तुमची धाकटी


दि. २० मे

धाकटीस,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस तुझ्यावर धुसफुसत होते. पलंग आणलास, दिवा आणलास. माझ्या घरात सासूबाई दुकानातल्या बाकड्यावर बसून काजं करतात आणि वर साधा बल्ब आहे. इतक्या वर्षांत मानेचा दिवा माझ्या डोक्यात आला नाही, तुझ्या आला. त्याचाच राग होता.

आता जे लिहिते ते दातओठ खाऊन लिहिते आहे.

ती तेरा खोटी होती. आमच्या औषधाच्या वाटीत चारच बटणं असतात. लेकीचा खोकला आणि यांची पाठ, झालं. पोटाच्या वाटीत मी त्रेचाळीस लिहिली, पण होती त्रेपन्न. तुझी बारा बघितली आणि त्याखाली मला त्रेपन्न लिहायची लाज वाटली. घर वाकलंय हे मी तुला कसं कळवणार? म्हणून पोटातली दहा काढून औषधात टाकली आणि नाव सासूबाईंचं पुढं केलं. म्हातारं माणूस, औषध लागतंच, कोण विचारायला येणार आहे असं वाटलं. शिवाय भाऊजींनी दोन पैसे जास्त पाठवले तर तेही बरं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

खरं ऐक. सासूबाईंची औषधं त्यांच्या स्वतःच्या पैशांतून येतात. पलीकडच्या बाजारातल्या दोन शिंप्यांचं काज-बटण त्या घेतात, ते पैसे मी आमच्या शंभरात कधी धरलेच नाहीत. उलट आमच्या दुकानाचं काज-बटण त्या फुकट करतात. मी तेरा त्यांच्या नावावर घातली त्या महिन्यात लेकीचे बूट त्यांनी आणले होते.

आणि त्यांना हे सगळं माहीत आहे. बटणं वाटताना त्या समोर बसलेल्या असतात. औषधात चार टाकताना त्यांनी बघितलं होतं. दुकानात ‘किती?’ विचारलं ते कानांनी ऐकलं नाही म्हणून नव्हे. तेव्हापासून मला त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. त्या भाजी कशी झाली तेही सांगतात, मीठ कमी पडलं तेही सांगतात, फक्त ते सोडून.

त्यांना नेऊ नकोस. तुला घर बदलावं लागलं, पलंग आणला, मला सगळं कळतंय. पण त्या दुकानात नसतील तर मी दिवसभर कुणावर चिडायचं? तू आमच्यात आठ महिने राहिलीस आणि तुझी आठवण त्या रोज काढतात. मी एकोणीस वर्षं आहे. माझी आठवण काढायला मला कुठं जावं लागेल?

सकाळी त्यांना चहा लागतो, पण वाफेचा नको, निवलेला. रागावल्या तर त्यांच्या सुईत दोरा ओवून द्यायचा आणि गप्प बसायचं. हे तू विचारलंस म्हणून लिहिलं, द्यायचं म्हणून नाही.

जाऊ


दि. ८ जून

जाऊबाई,

पत्र वाचून आधी तुमचा खूप राग आला. मी नवं घर घेतलं, सामान आणलं, मुकादमीणबाईंचे पाय धरले, ते सगळं तुमच्या लाजेपायी? मग जेवायला बसले आणि माझीच बारा डोळ्यांपुढे आली.

तुम्ही खरं लिहिलंत, मीही लिहिते. इस्पितळात कर्मचाऱ्यांना जेवण फुकट नसतं. आजाऱ्यांनी न उघडलेली जेवणाची खोकी परत येतात, ती फेकायची असतात. मी ती पिशवीत घालून घरी आणते. यांना सांगते, कँटीनमधून आणलं. आठवड्यातले चार दिवस आम्ही तेच खातो. बारा बटणांचं रहस्य एवढंच आहे. मला वाटलं होतं, कुणाला तरी माझं घर बघून हेवा वाटू दे. आईबापांनी, तुम्ही, सगळ्यांनी इतक्या कौतुकानं पाठवलं, तर निदान वाट्यांत तरी कौतुक दिसू दे.

पण जाऊबाई, तुमची तेरा खोटी असली तरी माझं मागणं खरं आहे. तुमच्याकडे त्या एकोणीस वर्षं आहेत. तुमच्या दुकानात मास्तर येतात, शेजारीण येते, लेक आहे, दादा दिवसभर समोर असतात. एवढं सगळं असून तुम्ही त्यांच्या नावावर खर्च मांडलात. मी ज्या दिवशी घर घेतलं त्या दिवशी रिकाम्या खोलीला आईंची खोली म्हणायला लागले. आता तुम्ही म्हणता नेऊ नकोस. मला तुमचा हेवा वाटतो, आणि आज तो मी लपवत नाही. मला त्या हव्यात.

तरी त्यांना फसवून आणायचं नव्हतं. परवा तुम्ही बाहेर गेल्याचं दादांकडून कळल्यावर फोनवर आईंना सगळं सांगितलं. म्हटलं, तेराचं खोटं होतं, जाऊबाईंनी स्वतः कबूल केलंय, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्या म्हणाल्या, ‘खरं मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. तिकीट काढ.’

तिकीट काढलं आहे.

धाकटी


दि. २ ऑक्टोबर

सूनबाई,

मी स्वतः लिहिते आहे. अक्षर मोठं आहे, समजून घे.

मी सुखरूप आहे. घर तळमजल्यावर आहे. पलंग फार मऊ आहे, पहिले काही दिवस मी खाली सतरंजीवर निजले, धाकटीला सांगितलं नाही. दिवा चांगला आहे. चादरी शिवते. इथल्या चादरींना काज नसतं, हाताला चैन पडत नाही. दारावर कुणी येत नाही. एक माणूस आला होता, तो चुकून आला होता.

धाकटी माझं सगळं करते. चहा निववून देते. तू लिहून दिलंस म्हणाली. ती खोकी मी बंद करवली. पोटाची वाटी आता सतरा आहे, शिल्लक नाही, पण घरात फोडणीचा वास येतो. पोरगी जरा भरली आहे.

तुला वाटतं मी तेरा बटणांवरून रागावून आले. राग आला होता. खोटं लिहिलंस म्हणून नाही, वाटी लपवायची बुद्धी मलाही झाली आहे तुझ्या वयात. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. तू धाकटीला पानंच्या पानं लिहिलीस, त्यांना नेऊ नकोस म्हणून. तिनं मला ते वाचून दाखवलं, तिची मोठीच छाती. माझं सामान भरताना तू तीनदा पेटी उघडून पुन्हा लावलीस, मोज्यांच्या जोड्या केल्यास, गोळ्यांच्या पुड्यांवर वेळा लिहिल्यास. राहा म्हणाली नाहीस. एकीनं बोलावलं, दुसरीनं थांबवलं नाही. माणूस बोलावतील तिकडे जातं.

माझा इथला परवाना फेब्रुवारीत संपतो. वाढवायचा का, असं धाकटी रोज विचारते. ती विचारते तेव्हा मी दोरा ओवत बसते.

तेरा बटणं माझ्या रुमालात आहेत. इथं कशाला लावली नाहीत.

थोरल्याच्या पाठीला मलम लाव. त्याला म्हणावं, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये.

सासू


दि. १९ ऑक्टोबर

आई,

हा शब्द लिहायला बराच वेळ लागला. आधी नेहमीच्या सवयीप्रमाणे सासूबाई लिहिलं होतं, तो कागद फाडला.

काज-बटणाला बाहेरची बाई लावली आहे. तिची काजं वाकडी येतात. मास्तरांनी शर्ट परत आणला आणि विचारलं, आजी कुठं आहेत. त्या दिवशी त्यांच्यासमोर माझी शोभा झाली होती, म्हणून मी इतके दिवस त्यांच्याकडे बघत नव्हते. सांगितलं, धाकट्या सुनेकडे गेल्यात. ते म्हणाले, ‘भाग्यवान आहे ती.’ मी शर्ट उसवायला घेतला आणि आत गेले.

महिन्याची बटणं वाटायला मी एकटी बसते. डब्यात सत्त्याऐंशी आहेत. दुकानात बटणांना काय तोटा, पांढऱ्या बटणांची अख्खी बरणी समोर आहे. दोनदा तेरा मोजून काढली आणि दोनदा परत बरणीत टाकली. तुमच्या तेराच्या जागी कापडाचे तुकडे मांडते आणि शंभर पुरे करते. लेक म्हणते, आई, हे काय भलतंच. तिला काय सांगू?

पोटाची वाटी एकोणपन्नासवर आली आहे. तुमच्या हिशेबानं घर ताठ झालं. यांनी तर आनंदानं सगळ्यांना सांगितलं. मला ती वाटी बघवत नाही. आई, मला त्रेपन्नच हवीत.

बाकड्यावर मानेचा दिवा आणून लावलाय. धाकटीची नक्कल केली, कबूल आहे. रोज संध्याकाळी मी तो लावते. खाली कुणी नसतं, वीज फुकट जाते, जाऊ दे.

राहा म्हणाली नाहीस असं तुम्ही टोचलंत म्हणून लिहीत नाही. माझ्या तोंडातून हे कधीच निघालं असतं, पण तुम्ही समोर असलात की मला भांडण आधी सुचतं. परवाना वाढवू नका. फेब्रुवारीत घरी या आणि राहा. बटणं आणली नाहीत तरी चालेल.

धाकटीला हे पत्र दाखवू नका. तिचा जीव तुमच्यावर आहे, तिला वाईट वाटेल.

नको, दाखवाच. इतके महिने मी जळले, थोडं तिनंही जळावं.

तुमची थोरली